मोनेच्या कॅथेड्रलवरचं ऊन: खिडकीतलं की स्टुडिओतलं?

खरखरीत

काल इथे, या फोरमवर, 'मोनेसारखा प्रकाश रंगवा' असा लेख आला. सार असं: फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने फ्रान्समधल्या रूआँ शहराचं कॅथेड्रल (मोठं चर्च) समोरच्या खिडकीत बसून, दर थोड्या वेळाने कॅनव्हास बदलत, जागच्या जागी रंगवून पुरं केलं. तेव्हा तुम्हीही उन्हाला पिवळा लावा, सावलीला निळा-जांभळा लावा, काळ्याला हात लावू नका, तपशील सोडा, की झालं. खाली सगळी वाहवा. तिथल्या प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी तारखा बघा. मोने रूआँला दोनदा राहिला, १८९२ चा फेब्रुवारी ते एप्रिल आणि १८९३ चा फेब्रुवारी ते एप्रिल. मग सगळे कॅनव्हास झिवेर्नीला, म्हणजे त्याच्या घरच्या स्टुडिओत नेले. बहुतेकांवर सही आहे ती '९४' ची. द्युराँ-र्युएल या चित्रविक्रेत्याच्या पॅरिसच्या गॅलरीत त्यातली २० चित्रं लागली ती मे १८९५ मध्ये. म्हणजे खिडकी सोडल्यावर निदान वर्षभर ही चित्रं स्टुडिओत होती आणि त्यांच्यावर काम चालू होतं. तीसेक चित्रं शेजारी शेजारी ठेवून, एकमेकांशी ताडून जुळवलेली आहेत. याला 'जागच्या जागी' कसं म्हणायचं?

आता कृतीकडे. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं भर उन्हातलं चित्र घ्या, ज्याला 'निळी-सोनेरी संगती' म्हणतात ते. सुमारे १०७ × ७३ सेंटिमीटर. त्यातल्या दारांच्या खोल कमानी नीट बघा. कृतीप्रमाणे त्या सगळ्यांत गडद, म्हणजे सगळ्यांत निळ्या हव्यात. प्रत्यक्षात त्या नारिंगी-तपकिरी आहेत, तापलेल्या विटेसारख्या. निळा आहे तो बाहेर, मनोऱ्याच्या कडेला आणि उंचावरच्या सावल्यांत. कारण सरळ आहे. ज्या सावलीला आकाश दिसतं तिच्यावर आकाशाचा निळा उजेड पडतो. दाराच्या खोबणीला आकाश दिसतच नाही. तिला दिसते समोरच्या चौकाची उन्हातली फरसबंदी आणि कमानीची उजळलेली आतली बाजू. तिथला उजेड दगडावरून उसळून आलेला, म्हणून उष्ण. 'सावली निळी' हे पाठ करून रंगवणाऱ्याचं दार भिंतीला डकवलेल्या निळ्या कागदासारखं दिसणार, त्याला खोली येणार नाही.

आणि तो पृष्ठभाग! जाड, कोरडा, खडबडीत थर, गिलाव्यासारखा. खालचा थर वाळल्यावर घट्ट रंग ब्रशने नुसता ओढत नेलाय. तो उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत खालचा रंग तसाच राहतो. ओल्यावर ओला रंग लावून हे होत नाही, दोन्ही मिसळून चिखल होतो. मधे वाळवणीचे दिवस लागतात. दगडाचा भास तपशिलातून आलेला नाही, या थरांतून आलाय. म्हणून 'तपशील सोडा' हा सल्ला अर्धवट आहे. सोडलेल्या तपशिलाच्या जागी त्याने काय घातलं, ते सांगायला हवं होतं.

खिडकीपाशी

तारखा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. स्टुडिओत वर्षभर काम केलं म्हणून प्रकाश स्टुडिओत जन्माला आला असं होत नाही.

कॅथेड्रलचा दर्शनी भाग साधारण पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य मागे, त्यामुळे अख्खा दगड सावलीत, फक्त आकाशाच्या उजेडात. म्हणून सकाळची चित्रं निळी. दुपारच्या सुमाराला ऊन उजवीकडून भिंतीला घासत जातं आणि प्रत्येक कंगोरा लांब सावली टाकतो. त्यानंतर ऊन समोरून भरतं आणि कोरीवकाम सपाट होतं. उतरत्या उन्हात समोरच्या घरांची सावली पायथ्यापासून वर चढू लागते. हा क्रम त्याने कल्पनेने रचला नाही. तीन वेगवेगळ्या खोल्यांतून बघितला, त्यातली एक तर बायकांच्या कपड्यांच्या दुकानाच्या वरची, तिथे गिऱ्हाइकांसाठी आडोसा लावावा लागला. जोडीदारीण आलिसला लिहिलेल्या पत्रांत सगळा त्रागा आहे. कॅथेड्रल अंगावर कोसळतंय आणि ते निळं, गुलाबी, पिवळं दिसतंय, असं स्वप्न पडल्याचंही लिहिलंय. स्टुडिओत आरामात रंग जुळवणाऱ्याला असली स्वप्नं पडत नाहीत.

सूर्याच्या उंचीचा हिशोब करा. रूआँ साधारण ४९.४ अंश उत्तरेला. फेब्रुवारीच्या मध्यावर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून २८ अंशांवर, एप्रिलच्या मध्यावर ५० अंशांवर. दोन महिन्यांत २२ अंशांचा फरक! फेब्रुवारीत दुपारी एकला सुरू केलेला कॅनव्हास एप्रिलमध्ये त्याच घटकेला पुढे नेता येत नाही. कंगोऱ्यांच्या सावल्या लांबीला बदललेल्या असतात. म्हणून तो दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यांत परत गेला. हे खिडकीचं महत्त्व.

मुद्दा एवढ्यासाठी लावून धरतोय की 'शेवटी स्टुडिओतच केलं ना' हे वाक्य आजकाल फोनवरच्या फोटोवरून निसर्गचित्रं करणाऱ्यांची ढाल झालंय. फोन पांढऱ्याचा तोल आपोआप साधतो, म्हणजे सावलीतला निळा स्वतःहून पुसतो. अंधाऱ्या जागा उजळतो, म्हणजे दाराची खोली घालवतो. उन्हातला दगड जळून कोरा पांढरा होतो. तुम्ही ज्या नारिंगी कमानीबद्दल लिहिलंत ती फोटोत राखाडी येईल. मग स्टुडिओत कितीही थर द्या, मूळ माहितीच नाही.

जागेवर काम करायचं तर पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक कॅनव्हासच्या मागे वेळ, सूर्याची दिशा आणि आभाळ कसं होतं ते लिहा. २०-२५ मिनिटं झाली की उचला, पुढचा लावा. ऊन सरकलं म्हणून चालू चित्रातल्या सावल्या सरकवत बसू नका. एकाच चित्रात दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा शिरल्या की डोळ्याला कारण कळत नाही, पण ऊन पटत नाही.

सफेदा

दोघेही खिडकी-स्टुडिओत अडकलात आणि या चित्रांत सगळ्यात जास्त वापरलेल्या रंगाचं नावही कुणी काढलं नाही. पांढरा!

१९०५ मध्ये मोनेला रंग विचारले गेले तेव्हा त्याने दिलेली यादी छोटी आहे: लेड व्हाइट म्हणजे आपला शिशाचा सफेदा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा आणि व्हिरिडियन हिरवा. बस. कॅथेड्रलच्या भिंतीत बाकीचे पाच जेमतेम चवीपुरते आहेत, पीठ आहे ते सफेद्याचं. आणि आज जो कुणी 'मोनेसारखं' करायला बसतो तो टायटॅनियम पांढऱ्याची ट्यूब उघडतो. १८९४ मध्ये तो रंग नव्हताच, बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास.

फरक काय पडतो? टायटॅनियमची दुसऱ्या रंगाला फिकं करायची ताकद सफेद्याच्या कितीतरी पट. कोबाल्टच्या वाटाण्याएवढ्या गोळीत तेवढाच टायटॅनियम घातला की निळा मरतो, उरतं थंडगार खडूसारखं काहीतरी. तेवढाच सफेदा घातला तर निळा फिका होतो पण निळाच राहतो. सफेदा मुळात किंचित उबदार, थोडा पारदर्शक, आणि ब्रशमागे तार धरून येतो, म्हणून कडा उभ्या राहतात. टायटॅनियम लोण्यासारखा, कडा बसतात. वर सफेदा लवकर वाळतो. खरखरीत म्हणतात ते थरांवर थर त्याच्याच जोरावर झाले.

दुसरं, तेल. ट्यूबमधला रंग टीपकागदावर पसरून तेल शोषून घ्यायची त्या काळच्या बऱ्याच चित्रकारांची पद्धत होती. तासाभरात रंग घट्ट आणि बिनचमकीचा होतो. जास्त वेळ ठेवलात तर बांधणारं तेलच उरत नाही आणि वाळल्यावर बोट फिरवलं की भुकटी निघते. अशा पृष्ठभागावर व्हार्निश चढवणं म्हणजे सत्यानाश. कोरड्या खडबडीत रंगावरून उजेड चहूकडे विखुरतो, व्हार्निशने ते थांबतं, गडद रंग आणखी गडद होतात, निळ्या-सोनेरीतला सोनेरी तेलकट होतो. इंप्रेशनिस्टांना, म्हणजे मोने आणि त्याच्या गटातल्या चित्रकारांना, आपली चित्रं बिनव्हार्निशची हवी असत ती यासाठीच.

रंगीबेरंगी

कालचा लेख माझा आहे. मी तो पहिल्यांदा तैलरंग हातात घेणाऱ्यांसाठी लिहिला, संग्रहालयातल्या तज्ज्ञांसाठी नाही. नवशिक्याला तुम्ही काळ्या-तपकिरी सावलीतून बाहेर कसं काढणार आहात? 'उष्ण उजेड, शीत सावली' हा नियम उघड्या आकाशाखाली बहुतेक वेळा खरा ठरतो. पहिल्याच दिवशी उसळलेल्या उजेडाचे अपवाद, टीपकागद आणि शिशाचा सफेदा समोर टाकलात तर माणूस रंग मिटवून घरी जाईल.

आणि 'तपशील सोडा' याचा अर्थ तुम्ही वाकडा लावलात. प्रत्येक संताचा पुतळा काढत बसू नका, एवढंच म्हटलंय. मोनेने तरी कुठे काढले?

जवस

सफेदा, तुमचा प्रतिसाद मला बेजबाबदार वाटला. शिशाचा सफेदा विष आहे, हे एका शब्दानेही न लिहिता तुम्ही तो लोकांना शिफारस केलात. इथे घरात, मुलाबाळांच्या शेजारी रंगवणारे लोक वाचतात. काही जण सुटी पूड आणून स्वतः घोटायला बघतील. पूड श्वासात गेली की संपलं. वापरायचाच तर तेलात घोटलेला ट्यूबमधलाच घ्यायचा. वाळलेला थर पॉलिश पेपरने घासायचा नाही. हाताने चोळायचा नाही. रंगवताना खाणं, चहा, विडी काही नाही. चिंध्या वेगळ्या ठेवायच्या. आणि त्या जवसाच्या तेलाच्या असतील तर चुरगाळून डब्यात कोंबायच्या नाहीत, आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवून टाकायच्या.

त्याहून महत्त्वाचं, त्याची गरजच नाही. टायटॅनियमची ताकद कमी करायची असेल तर त्यात खडूची पूड मिसळा. मापाने एक भाग टायटॅनियम, एक भाग खडू, जवसाचं तेल थेंबाथेंबाने, काचेवर पॅलेट नाईफने घोटून. तेलात खडू जवळजवळ पारदर्शक होतो, त्यामुळे रंग मारत नाही, नुसतं अंग वाढवतो. लेप घट्ट होतो, कडा उभ्या राहतात. खडू जास्त झाला तर मिश्रण पिवळट पडतं, तेव्हा आधी पट्टी काढून वाळवून बघा.

आणि कुणी 'मग जस्ताचा सफेदा घ्या' म्हणेल म्हणून आधीच सांगते, जाड थराला तो अजिबात नको. जस्त तेलाबरोबर हळूहळू साबण बनवतं, थर ठिसूळ होतो, काही वर्षांनी तडकतो आणि वरचे थर पापुद्र्यासारखे सुटतात. खालच्या थरात तर मुळीच नको.

सफेदा

शब्द तोंडात घालू नका. मी मोनेने काय वापरलं ते सांगितलं, बाजारातून पूड आणा म्हटलं नाही. पण विषाचा उल्लेख करायला हवा होता, हे मान्य. जस्ताबद्दलही तुमचं बरोबर.

खडूबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. अंग येतं, तार येत नाही. सफेद्याचा फटकारा ब्रश उचलताना शेवटी टोक काढतो आणि ते टोक वाळल्यावर वरचा कोरडा रंग पकडतं. खडूच्या मिश्रणाचा फटकारा बोथट संपतो. कॅथेड्रलच्या उजव्या कडेला जिथे ऊन घासतं तिथे हा फरक लांबूनही कळतो.

जवस

लांबून कळतो तो फरक जाडीचा. टोकांचा फरक कळायला नाक कॅनव्हासला टेकवावं लागेल. डुकराच्या केसांचा आखूड ताठ चपटा ब्रश घ्या, रंग लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून त्याच दिशेने कोरड्या ब्रशने एकदा ओढा, टोकं येतात. थोड्याशा टोकांसाठी शिसं घरात आणणं मला कधीच पटणार नाही.

ओला कागद

पांढऱ्यावरून चाललेलं हे भांडण जलरंगवाल्याला परकं आहे. आमचा पांढरा म्हणजे कागद. तो झाकला की गेला, म्हणून आम्हाला उजेड आधी ठरवावा लागतो.

पण खरखरीत यांच्या उसळलेल्या उजेडाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे तो मुद्दा रूआँपेक्षा मोठा आहे. जुन्या गोव्यातलं सी कॅथेड्रल घ्या, चुन्याच्या गिलाव्याचं, पांढरं. खाली तांबडी माती आणि जांभा दगड. उन्हात त्या पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग गुलाबी-केशरी होतो आणि वर जाता जाता तो रंग निवळतो. इथे सावली निळी लावली तर वरच्या कंगणीखाली एकवेळ चालेल, पायथ्याशी साफ खोटी पडेल. शेजारच्या बॉम जेझूस चर्चची गोष्टच निराळी. १९५० च्या दशकात तिचा गिलावा काढला, आतला जांभा उघडा पडला. त्या दगडाचा स्वतःचाच रंग इतका लाल-तपकिरी की त्यावरची आकाशाची निळी सावली निळी दिसत नाही, जांभळट करडी दिसते. रूआँचा चुनखडीचा फिका दगड येईल तो रंग घेतो. जांभा घेत नाही.

सूर्याची उंचीही वेगळी. गोव्यात मेच्या सुरुवातीला माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, कंगणीची सावली खालपर्यंत उतरते आणि सगळी भिंत जमिनीवरून उसळलेल्या उजेडात उजळते. असली दुपार मोनेला रूआँत मिळणं शक्यच नव्हतं. त्याची रंगसंगती उचलून इथे लावणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

राखाडी

कुणीच गडद-फिक्याबद्दल बोललं नाही, याचं आश्चर्य वाटतं. भर उन्हातल्या चित्राची प्रतिमा कृष्णधवल करून बघा. अर्धं कॅथेड्रल विरघळतं. माझ्या अंदाजाने काळा ते पांढरा अशा दहा पायऱ्या धरल्या तर भिंतीचा बहुतेक भाग तीन पायऱ्यांत बसतो. फिका निळा आणि फिका नारिंगी, दोन्ही जवळजवळ तितकेच उजळ. फरक आहे तो फक्त उष्ण-शीतचा. म्हणून ते ऊन हलल्यासारखं वाटतं, डोळ्याला कड सापडते आणि सुटते. रंगीबेरंगी यांच्या कृतीने रंगवणारे नेमकं इथे चुकतात. निळा आणि पिवळा बरोबर घेतात, पण निळा चार पायऱ्या गडद. मग ऊन-सावलीचं पोस्टर होतं.

दुसरं, तो निळा बहुतेक ठिकाणी निळा नाहीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने १८३९ च्या ग्रंथात मांडलेली गोष्ट आहे, शेजारचा रंग आपला विरोधी रंग पलीकडे ढकलतो. नारिंगीशेजारचा करडा निळा दिसतो. पडताळायचं असेल तर पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि चांगल्या छापील प्रतीवर एकेक ठिपका त्यातून बघा. शेजार झाकला की कितीतरी निळे ठिपके करडे निघतात.

ते करडे काळ्यातून काढायचे नाहीत, इथपर्यंत कालचा लेख बरोबर आहे. कोबाल्ट, थोडं व्हर्मिलियन आणि भरपूर पांढरा घेतला की जांभळट करडा. व्हिरिडियन आणि मॅडर साधारण सारखे घेतले की जवळजवळ काळा. त्यात मॅडर चिमूटभर जास्त टाकलं की उबदार, व्हिरिडियन जास्त की थंड. पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, तीन-चार वेळा फिरवून थांबा. एकजीव झालेला करडा मेलेला दिसतो.

रंगीबेरंगी

'चार पायऱ्या गडद' हे खरं आहे. लेखातल्या माझ्या नमुन्यात हीच चूक आहे, आत्ता कृष्णधवल करून बघितलं. लेखात एक ओळ घालतो: सावलीचा निळा उन्हाच्या पिवळ्याशेजारी ठेवा, डोळे बारीक करा, दोन्हींतली कड पुसट झाली पाहिजे. दाराच्या कमानीबद्दलही दुरुस्ती करतो. पण नियम काढणार नाही. आधी नियम, मग अपवाद, या क्रमावर मी ठाम आहे.

खिडकीपाशी

राखाडी यांचा भोकाचा पुठ्ठा छापील प्रतीवर वापरण्यात धोका आहे. छपाईतला निळा आणि कॅनव्हासवरचा निळा यांचा काही भरवसा नाही, पडद्यावर तर त्याहून नाही. एकाच चित्राच्या तीन प्रतिमा तीन रंगांच्या मिळतात. १८९५ मध्ये फ्रेंच राजकारणी आणि पत्रकार क्लेमांसोने ही मालिका एकत्र ठेवा म्हणून लिहिलं, ते कुणी ऐकलं नाही. आज पाच ऑर्सेत, बाकीची वॉशिंग्टन, बॉस्टन, मॉस्को अशी पांगलेली. शेजारी शेजारी बघितल्याशिवाय कुठलं किती निळं ते सांगणं कठीण. तोच पुठ्ठा घेऊन खऱ्या भिंतीसमोर उभं राहा, तिथे छपाईची भानगड नाही.

खरखरीत

खिडकीपाशी, सूर्याच्या उंचीचा हिशोब माझ्या लक्षात आला नव्हता. एकाच घटकेचा कॅनव्हास दोन महिने चालत नाही, हे मान्य करावंच लागेल. पण त्यातूनच माझा मुद्दाही निघतो. ऊन पुढे गेलेलं, कॅनव्हास मागे राहिलेला. मग चित्र पुरं कशावरून केलं? आठवणीवरून, आणि शेजारच्या कॅनव्हासांवरून.

त्याने काय निवडलं तेही बघा. रूआँच्या कॅथेड्रलचा लोखंडी कळस १८७६ मध्ये पुरा झाला, १५१ मीटर उंच, तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत. मोनेने तो चौकटीबाहेर ठेवला. मनोरेही वरून कापले. आकाशाला उरला एक छोटा तुकडा. कारण आकाश मोठं ठेवलं असतं तर तेच सगळ्यांत उजळ झालं असतं आणि भिंत त्याच्यापुढे मळकट पडली असती. आता उजेड भिंतीतूनच यावा लागतो. हा निर्णय उन्हाने घेतलेला नाही.

तपशिलाबद्दल रंगीबेरंगी यांना एकच जागा दाखवतो. मधल्या दारावरच्या त्रिकोणी कमानीजवळ घड्याळाची गोल तबकडी आहे. भर उन्हातल्या चित्रात ती नारिंगी-सोनेरी रंगाचा गोळा आहे. काटे नाहीत, आकडे नाहीत, वेळ वाचता येत नाही. पण तो गोळा थोडा वर किंवा डावीकडे सरकवला तर कमानीचा आणि मनोऱ्याचा संबंध तुटतो. तपशील पुसलाय, जागा मात्र काटेकोर धरली आहे. लेखात ओळ घालणारच असाल तर हीही घाला: आधी कोळशाने मुख्य अक्ष, कमानींची टोकं आणि तबकडीचा मध्य पक्का करा, आणि मग रंगाला हात लावा.